अनुभव धागा: घरातली पोरं, घरातली कार्यं आणि हुकलेले फोटो

परवा जुनी हार्ड डिस्क साफ करत बसले होते तर बहिणीच्या मुलाच्या बारशाचे फोटो सापडले. १८४ फोटो आणि त्यात कामाचा एक नाही. म्हणजे पाळणा आहे, घुगऱ्यांचं पातेलं आहे, चपलांचा ढीगसुद्धा आहे, पण ज्याच्यासाठी मी सकाळपासून कॅमेरा गळ्यात अडकवून मिरवत होते तो फोटो, आत्या वाकून बाळाच्या कानात नाव सांगते आणि मागून सगळ्याजणी कुर्र्र करत तिच्या पाठीत धपाटे घालतात तो, त्यात फोकस पाळण्याला लावलेल्या झेंडूच्या माळेवर. पाकळी न पाकळी मोजून घ्या. मागे आत्याच्या जागी नुसता गुलाबी ढग. घरात कुणी काही बोललं नाही, बहीण तेवढी म्हणाली, "झेंडू मस्त आलाय गं."

तेव्हा कळलं की फोकस कुठे लावायचा हे मी कॅमेऱ्यावर सोडलं होतं आणि तो बिचारा जे सगळ्यात जवळ दिसेल त्याला धरत होता. आता एकच फोकस पॉइंट ठेवते आणि तो डोळ्यावर. एवढी एक गोष्ट शिकायला झेंडू लागला.

तर लिहा. कसे शिकलात, कुठे फसलात, हुकलेला फोटो कुठला. धंद्याने लग्नं करणाऱ्यांनी माफ करा, हा हौशी लोकांचा धागा आहे. मोबाइलवाले पण या.

*

ताई, तुमचा झेंडू तरी आला. माझं तेही नाही.

१९८८, धाकट्या बहिणीचं लग्न, सांगली. मित्राची याशिका (रोलचा कॅमेरा) मागून आणलेली आणि ३६ चा एक रोल, दुसरा घ्यायची ऐपत नव्हती. त्यामुळे प्रत्येक फोटो श्वास रोखून. अंतरपाट, अक्षता, कन्यादान, सप्तपदी, जेवणावळीत आग्रह करणारे मामा. ३६ झाले, ३७ वा पण निघाला, ३८ वा पण निघाला, मी खूश, म्हटलं दुकानदाराने लांब रोल दिला वाटतं. स्टुडिओत नेला तर रोलची जीभ पलीकडच्या स्पूलमध्ये अडकलीच नव्हती. अख्ख्या लग्नात रोल जागचा हलला नव्हता. कोरा. धंदेवाईक फोटोग्राफर ठरवलेला होता म्हणून वाचलो, पण त्याच्या अल्बममध्ये मामा नाहीत. मामा पुढच्याच वर्षी गेले.

नंतर एका स्टुडिओवाल्याने सांगितलं, रोल भरला की डावीकडची उलटी गुंडाळायची चावी बघायची, पुढचा फोटो घेताना ती फिरली म्हणजे रोल सरकतोय. दोन सेकंदांचं काम हो.

आता नातवंडांचे काढतो. सून म्हणते बाबा बटण दाबून धरा, एका सेकंदात दहा निघतात, मग त्यातला एक ठेवायचा. माझ्याच्याने होत नाही. अजून कार्याला ३६ च काढतो, फार तर चाळीस. आणि घरच्यांचे फोटो म्हणजे दुय्यम काम असं कुणी म्हटलं की मी दोन नावं सांगतो. एक चित्रकार अमृता शेरगिलचे वडील उमरावसिंग (१८७० ते १९५४), फोटोग्राफी त्यांचा धंदा नव्हता, बायको, दोन मुली आणि स्वतः, हेच काढत बसले कित्येक वर्षं. दुसरा फ्रान्समधला लार्तिग, पोरवयात वडिलांनी कॅमेरा दिला आणि याने पायऱ्यांवरून उड्या मारणारी भावंडं काढली. जगाला ते फोटो १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात दिसले, तोवर हा गडी सत्तरीला टेकला होता. म्हणजे मला अजून वेळ आहे.

*

काका __/\__

माझं लेन्सचं रडगाणं. सगळे सांगतात पन्नास एमएमची एफ १.८ लेन्स घे, स्वस्त आहे, मागचं सगळं मस्त धूसर होतं. बोरा बझारात जाऊन घेतली. घरी आलो, हॉल दहा बाय चौदा, आणि छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ती पन्नासची पंच्याहत्तर-ऐंशीसारखी वागते, म्हणजे फ्रेममध्ये कमी मावतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. लेकीचा पहिला वाढदिवस, केक कापताना पाचजण फ्रेममध्ये घ्यायचे म्हणून मी मागे मागे सरकत शेवटी बाथरूमच्या दारात, एक पाय आत ओल्या फरशीवर. त्यात एफ १.८ ठेवलेलं (एफचा आकडा लहान तेवढं कमी खोलीपर्यंत शार्प येतं) म्हणजे लेकीचे डोळे शार्प, मांडीवर घेऊन बसलेल्या आईचे डोळे गेले. तीन लोकांना एफ ४ तरी लागतंच हे नंतर डोक्यात शिरलं. पुढे पस्तीसची घेतली. मुंबईतल्या खोल्यांना पस्तीसचीच बरी, पन्नासची गच्चीत नेतो.

*

फ्लॅशबद्दल कुणी लिहिलं नाही अजून म्हणून. समोरून थेट मारू नका, तोंडं पिठासारखी होतात हे सगळ्यांना माहीत असतं. मी शहाणी, वेगळा फ्लॅश घेतला आणि भिंतीवर फिरवून मारला. आमची भिंत पोपटी. दिराच्या साखरपुड्याचे सगळे पाहुणे काविळीतून उठल्यासारखे. छत पांढरं असेल तर छतावर मारा, संपला विषय.

*

बोरन्हाण! यावर मी तासभर बोलू शकते पण थोडक्यात लिहिते (जमणार नाहीये).

मुलगा दीड वर्षाचा, पहिलं बोरन्हाण, काळं झबलं, हलव्याचे दागिने, मुकुट, बासरी, सगळा थाट. आता हलव्याचे दागिने मूल किती वेळ अंगावर ठेवतं? आमच्याने चार मिनिटं ठेवले, पाचव्या मिनिटाला हार तोंडात. त्या चार मिनिटांत मी काढलेले सगळे फोटो पांढरे फटक. कारण काय तर फ्रेममध्ये काळं कापड जास्त, कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, तो उजेड वाढवतो, मग काळं झबलं करडं दिसतं आणि हलव्याचा काटा न् काटा जो मी आठ दिवस बसून निवडून ओवला होता तो नुसता चुन्याचा ठिपका. दुसऱ्या वर्षी शिकून गेले. एक्स्पोजर मुद्दाम वजा ०.७ वर, मोबाइल असेल तर चेहऱ्यावर बोट ठेवून उजेडाची पट्टी थोडी खाली ओढायची. काटे दिसले! माझ्या जाऊबाईंना आधी ते दिसले, मग मुलगा.

दुसरं म्हणजे शटरचा वेग. डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, गोळ्या ओतल्या की जमलेली पोरं जी तुटून पडतात ती १/६० सेकंदाला पकडणं अशक्य, नुसती हातांची खिचडी. मी आता १/५०० ठेवते, आयएसओ (कमी उजेडात कॅमेऱ्याची संवेदना) ३२०० जाऊ दे, दाणे आले तर आले. दाणेदार फोटो आजी फ्रेम करून लावते, हललेला फोटो लावत नाही.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, खाली बसा. बसा म्हणजे पार लोळा. पैठणी नेसून मी जमिनीवर पोटावर झोपते, लोक हसतात. उभं राहून काढलेल्या फोटोत मुलांची टाळकीच येतात. खालून बघितलं की चुरमुरे वरून पावसासारखे येताना दिसतात आणि बाळ ज्या नजरेने वर बघतं ना की हे काय चाललंय माझ्याबरोबर, ते दिसतं. शिवाय पोरं तुम्हाला विसरतात, खाली पडलेला माणूस त्यांना मोठा माणूस वाटतच नाही. माझ्या पाठीवर एकदा दोघं बसली होती घोडा म्हणून.

*

प्रश्न: माझ्या घरातल्या फोटोंत आडवे काळे पट्टे येतात, विशेषतः बाळ दुपट्यावर असताना वेग वाढवला की. कॅमेरा बिघडला का?

*

कॅमेरा ठीक आहे, दिवा आहे तो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, साधी ट्यूब किंवा हलका एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, डोळ्याला दिसत नाही, वेगवान शटरला दिसतं. १/१०० किंवा १/५० वर जा, पट्टे जातील. पण मग हलतं बाळ धूसर येईल. त्यापेक्षा दिवा बंद करा आणि दुपटं खिडकीजवळ सरकवा. आमच्याकडे हे करताना आजेसासू ओरडल्या की उन्हात नका नेऊ आणि सव्वा महिना फोटो पण नका काढू, नजर लागते. मग त्यांनीच तीट लावून दिली आणि म्हणाल्या आता काढ. त्या तिटेवर फोकस फार पटकन लागतो हा फुकटचा फायदा.

*

आमचं घर मालवणजवळ, गणपतीला सगळी भावकी जमते, चाळीसच्या वर माणसं. ग्रुप फोटोची जबाबदारी बारा वर्षं माझी. सुरुवातीला आरती झाली की भर दुपारी खळ्यात सगळ्यांना उभं करायचो, ऊन डोक्यावर, डोळ्यांच्या जागी खड्डे, निम्मे लोक डोळे मिटलेले, मुंबईची मंडळी गॉगल काढायला तयार नाहीत. आता चारनंतर घेतो, पडवीच्या कडेला सावलीत, म्हातारी खुर्च्यांवर, पोरं खाली चटईवर, मधले उभे. तीन रांगा म्हणजे एफ ८. आणि तीन म्हणेपर्यंत थांबत नाही, दोनलाच दाबतो. तीनला सगळे ताठ होतात. मग लगेच "झालं झालं" म्हणतो आणि परत तीन-चार काढतो, हसतात ते तेव्हाच.

पण खरी गोष्ट वेगळीच. मागच्या वर्षी चुलतबहीण सगळ्या वर्षांचे फोटो एकत्र लावत होती, म्हणाली, मोठी काकी कुठाय रे? एकाही फोटोत नाही. बारा वर्षं. आम्ही बाहेर रांगा लावत असायचो तेव्हा ती आत मोदक नाहीतर घावणे करत असायची, कुणीतरी "काकी ये गो" अशी हाक मारायचं, ती "येतंय येतंय" म्हणायची आणि मी दोनला बटण दाबायचो. दर वेळी डोकी मोजायचो मी, आहेत ती. नाहीत ती कोण मोजणार.

यंदा सकाळीच स्वयंपाकघरात गेलो. काळोख, एक खिडकी, मोदकपात्राचं झाकण काढलं की वाफ त्या उजेडात चढते. आयएसओ ३२००, १/६०, कोपर फळीला टेकवून. ती बोटं पिठाच्या पारीला चुण्या पाडतात, एकेक चुणी सारखी, मध्ये फक्त अंगठा पाण्यात बुडवायला थांबते. मला म्हणते, "माजो कसलो फोटो काढतंस, भायर पोरांचो काढ." तोंड फिरवलंन. म्हणून पहिले वीस फोटो नुसत्या हातांचे आहेत. एकविसाव्याला तिला वाटलं मी गेलो.

*

वरचं वाचून स्वयंपाकघरात जाऊन आले. उगाच.

*

थोडं कडू लिहितो. पुतण्या आता तेरा वर्षांचा. लहानपणापासून त्याचे हजारभर फोटो मी काढलेत, त्यातला बादलीत बसून अंघोळ करतानाचा मी त्याच्या वाढदिवसाला कौतुकाने स्टेटसला ठेवला. त्याच्या वर्गातल्या एकाच्या आईकडे माझा नंबर होता. पुढचं सांगत नाही. चार महिने त्याने माझ्या कॅमेऱ्यासमोर यायचं सोडलं, मी आलो की खोलीत. मी सॉरी म्हटलं, तो "ठीक आहे काका" म्हणाला आणि दार लावलं. आता नियम असा, कॅमेरा आधी त्याच्या हातात, नको ते त्याने उडवायचे, मला विचारायचं नाही. काही चांगले उडवतो तो, पोटात कालवतं, पण गप्प बसतो. शेजाऱ्यांच्या मुलांचे तर आई-बापांना विचारल्याशिवाय कुठेही टाकत नाही. आणि घरच्यांना पाठवताना व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर दाबून दाबून चोथा होतो आणि मग आत्या म्हणते तुझ्यापेक्षा माझा मोबाइल बरा.

*

लंडनजवळून. इथे डिसेंबरात चारच्या आत अंधार, मुलं शाळेतून येतात तेव्हा उजेड संपलेला. त्यामुळे शनिवार-रविवार सकाळी दोन तास, स्वयंपाकघराच्या मागच्या काचेच्या दारापाशी, हीच माझी शाळा. मंडळाच्या गणपतीला भाड्याचा हॉल, छत पार उंच आणि लाकडी काळपट, तिथे छतावर फ्लॅश मारून काही उपयोग नाही, उजेड वर जातो तो परत येतच नाही. शेवटी मुलांना आरतीच्या तबकाजवळ नेलं, निरांजनाच्या उजेडात तोंडं सोन्यासारखी आली. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची सेटिंग) ऑटोवर असेल तर कॅमेरा ते पिवळं "सुधारून" टाकतो, ते तेवढं बंद करा. आईला प्रिंट करून पाठवले, ४ बाय ६. तिने फ्रिजवर लावलेत, लोहचुंबकाने, ऐन डोळ्यांवर.

*

धागा काढणारी परत आले. काय काय लिहिलंत! मोठी काकी डोक्यातून जात नाहीये.

आता माझी अडचण ऐका. येत्या रविवारी भावाच्या मुलीचं बारसं आहे. जागा बघून आले, पाळणा खिडकीला आडवा लावायला सांगितलाय, झेंडू मागच्या बाजूला, पुढून मोकळं. फोकस पॉइंट एक, एफ ४, १/२५०, सगळं ठरलं. आणि काल रात्री वहिनी म्हणाली, "ताई, पण कानात नाव तुम्हीच सांगायचंय ना?"

आत्या मी आहे! धपाटे मला बसणार, मग कॅमेरा कोण धरणार? नवरा डोकी कापतो. भाचा, तोच झेंडूवाला, आता नऊ वर्षांचा आहे, त्याला शनिवारी शिकवायला बसतेय. स्टुलावर उभा करू की जमिनीवर झोपवू? पटकन सांगा.