पिरॅमिडसमोरचं मेना हाऊस: एवढे पैसे घालावेत का?

कर्वेनगरकर:
जानेवारीत आई-बाबांना घेऊन इजिप्तला जायचं चाललंय. बाबांना शाळेपासून पिरॅमिडचं वेड. बायको म्हणते, एवढं जातोच आहोत तर गिझाला मेना हाऊसमध्येच राहू. भाडं पाहिलं आणि लॅपटॉप मिटला. तेवढ्यात कैरोत चांगल्या हॉटेलात दोन-तीन रात्री सहज निघतील. कोणी राहिलंय का तिथं? खिडकीतून खरंच पिरॅमिड दिसतो की फोटोतली करामत? आईचे गुडघे दुखतात आणि बाबांना अंडंसुद्धा चालत नाही, हेही लक्षात घेऊन सांगा.

पेठेतल्या काकू:
करामत नाही, दिसतो. आम्हीही जानेवारीतच गेलो होतो. सकाळी पडदा सरकवला तर समोर नुसतं पांढरं धुकं. आमचे हे म्हणाले, "पैसे परत मागू या." तेवढ्यात त्या पांढऱ्यात एक तिरकी कड उमटली, मग खालचे दगड, आणि शेवटी टोक. ऊन पडल्यावर तर दगडांचे थर मोजावेत इतके स्पष्ट. हा खुफू राजाचा, म्हणजे सगळ्यात मोठा. मुळात 146 मीटरच्या वर होता. बाहेरचं गुळगुळीत चुनखडीचं आवरण लोकांनी कैरोतल्या बांधकामांना काढून नेलं, टोकही गेलं. आता साधारण 138 मीटर उरलाय.

पण बुकिंग करताना 'पिरॅमिड व्ह्यू' असं लेखी घ्या. 'गार्डन व्ह्यू'त झाडंच बघावी लागतील, ती सारसबागेत फुकट आहेत. आम्ही बागेतल्या नव्या इमारतीत होतो. जुन्या महालातल्या खोल्या देतायत का, ते मेल करून विचारा. तो महाल मूळचा खेदिव्ह (म्हणजे इजिप्तचा तेव्हाचा राज्यकर्ता) इस्माईलचा, 1869 च्या सुमाराचा, शिकारीला आल्यावर उतरायला बांधलेला. हॉटेल नंतर झालं. 1943 साली चर्चिल, रूझवेल्ट आणि चीनचे चँग कै-शेक यांची बैठक इथंच झाली. पुढं जवळजवळ 40 वर्षं हॉटेल ओबेरॉयकडे होतं. (ही माहिती मला विमानात मुंबईपासून कैरोपर्यंत ऐकवली गेली.)

शेजारी राहतोय म्हणजे उठून चालत आत जाऊ, असं मात्र समजू नका. 2025 पासून पर्यटकांना फैय्यूम रस्त्याकडच्या नव्या दाराने आत घेतात, पुढं इलेक्ट्रिक बस. गाडी करावीच लागते. मग पैसे कशाचे? दार बंद झाल्यावर आणि उघडायच्या आधी जे दिसतं, त्याचे. म्हणून एकच रात्र घ्या, लवकर चेक-इन मागा आणि तो दिवस हॉटेलातच घालवा. लोक एवढं भाडं भरून दिवसभर बाहेर हिंडतात आणि रात्री झोपायला येतात. झोपायला कर्वेनगर काय वाईट?

आईंना पिरॅमिडच्या पोटात नेऊ नका. चढती वाट जेमतेम सव्वा मीटर उंच, सुमारे 39 मीटर लांब. ओणवं होऊन चढायचं आणि तसंच उतरायचं. तिकीट वेगळं असतं. बाबांना हौस असेल तर जाऊ देत.

भटक्या411:
काकू, मेना हाऊसमधून स्फिंक्स दिसत नाही, हे सांगायचं राहिलं. तो पलीकडच्या अंगाला. तिकडे नझलत अल-सम्मान म्हणून वस्ती आहे, तिथल्या छोट्या गेस्टहाऊसच्या गच्चीवरून स्फिंक्स आणि पिरॅमिड एकत्र दिसतात, रात्रीचा लाइट शोही फुकटात. भाडं कितीतरी कमी. मी तर तिथंच राहीन.

पेठेतल्या काकू:
तुम्ही राहा हो! त्यांच्या आईंनी गच्चीपर्यंत जिने कसे चढायचे? आणि खाली उतरलं की उंटवाले, घोडेवाले पाठ सोडत नाहीत. तुमच्या वयात मजा वाटते ती.

वरणभात:
बाबांची काळजी नको. कोशरी सगळीकडे मिळते: भात, मसूर, मॅकरोनी, छोले, वर टोमॅटोचा रस्सा आणि कुरकुरीत तळलेला कांदा. लसणाचं व्हिनेगर वेगळं देतात, ते सढळ हाताने घाला, नाहीतर मिळमिळीत लागते. सकाळी ताअमिया, म्हणजे बाकल्याचे (फावा बीन्सचे) वडे, पण त्यात अंडं नाही ना ते विचारून घ्या. मसुराचं सूप हॉटेलात घेताना चिकनच्या पाण्यात केलंय का, हेही विचाराच. चटणीची पुडी बरोबर असू द्या.

कर्वेनगरकर:
सगळ्यांचे आभार. एकच रात्र, पिरॅमिड व्ह्यू, ठरलं. काकू, दुसऱ्या दिवशी पिरॅमिड आणि नवं म्युझियम दोन्ही उरकतील का?

पेठेतल्या काकू:
उरकायचं असेल तर जाताच कशाला? ग्रँड इजिप्शियन म्युझियम हॉटेलहून गाडीने अगदी जवळ आहे, पण त्याला अख्खा दिवस द्या. तूतनखामुनच्याच पाच हजारांवर वस्तू आहेत. आत पुतळ्यांनी भरलेला भलामोठा जिना आहे, तो चढत बसू नका. बाजूला सरकता पट्टा आहे, आईंना त्यावरून न्या.