मदत हवी आहे: सिग्नलला ठीक, चढावर मात्र गाडी तापते

वडिलांची २००४ सालची पेट्रोल गाडी आहे, विकायची अजिबात इच्छा नाही. महिनाभर त्रास एकच: सिग्नलला उभी असताना काटा मध्यावर, पण लांब चढ लागला की पाच मिनिटांत लाल पट्टीकडे सरकतो. केबिनचा हीटर पूर्ण सोडला की थोडा खाली येतो, तशीच सांभाळत घरी आणतो.

फॅन वेळेवर सुरू होतो. थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की कूलंटची वाट उघडणारी झडप) काढून गरम पाण्यात टाकून पाहिला, ८२ अंशांच्या आसपास नीट उघडला. रेडिएटरची कॅप नवीन आहे. ऑईलमध्ये कूलंट मिसळल्याचा दुधट थर नाही. काल इंजिन पूर्ण गार झाल्यावर कॅप उघडली, तर आतल्या नळ्यांच्या तोंडाशी तांबूस गाळ चिकटलेला. बोटाला वाळूसारखा खरखरीत लागला.

मेकॅनिक थेट हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांमधलं सील) गेलंय म्हणतोय. मला पटत नाही, कारण कूलंटच्या बाटलीत बुडबुडे येत नाहीत आणि कूलंटही फारसं कमी होत नाही. रेडिएटर चोंदलाय की वॉटर पंपाची पाती झिजलीत, हे पंप न उतरवता कसं ओळखायचं? आणि इतका जुना रेडिएटर फ्लश केला (आतून धुऊन काढला) तर गळायला लागेल का? कुणी स्वतः केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. तोवर गाडी चढावर नेत नाही.