आधी व्होल्टेज बघा

घरी भाजायला पॉपकॉर्न मशीनमध्ये टाकलेले कॉफीचे कच्चे दाणे पंधरा मिनिटं फिरवूनही फिकेच राहतात, म्हणजे मशीनच कुचकामी, हे काही जणांचं मत मला पटलं नाही. आधी व्होल्टेज बघा. आमच्याकडे सांगलीत उन्हाळ्यात संध्याकाळी घरोघरी कूलर सुरू झाले की व्होल्टेज उतरतं. २३० चे २०७ व्होल्ट झाले, म्हणजे घट १० टक्केच, पण कॉइलची उष्णता जवळपास १९ टक्क्यांनी कमी होते. दाणे भाजण्याऐवजी नुसते वाळत बसतात आणि कॉफी अगदी बेचव लागते.

मी पहाटे भाजते. गवतासारखा हिरवट वास जाऊन भाजलेल्या पावाचा वास सुटतो, पापुद्रे उडायला लागतात, आणि २०० अंशांच्या आसपास दाणे फुटण्याची पहिली तडतड ऐकू येते. ती विरली की दाणे लगेच स्टीलच्या चाळणीत ओतून पंख्याखाली हलवा. उशीर केलात तर आतल्या धगीने ते भाजतच राहतात.