सिगरेट सोडली, आता खोकला वाढलाय आणि झोप उडालीय

आडवाट: महिना होत आला. पहिले तीन-चार दिवस सगळ्यांवर खेकसत काढले, तो जोर आता ओसरलाय. पण जेवण झालं की हात अजून खिशाकडे जातोच. वर खोकला वाढलाय, रात्री टक्क जागा असतो. मित्र म्हणतो, "एखादी ओढ, काही होत नाही." सोडून तब्येत बिघडवून घेतली की काय?

खोकलेबाई: अरे, बिघडत नाहीये. श्वासनलिकेतले केसासारखे बारीक तंतू धुराने लुळे पडलेले असतात. ते पुन्हा हलायला लागले की साठलेला कफ वर ढकलतात. काही आठवडे हे चालतं. रक्त पडलं, दम लागला किंवा खोकला लांबतच गेला, तर मात्र डॉक्टरांकडे जा.

झोपेचं विचारायचं तर, चहा-कॉफी किती होते? सिगरेटच्या धुरामुळे यकृत कॅफिनचा निकाल भराभर लावतं. धूर बंद झाला की तोच कप अंगात कितीतरी जास्त वेळ राहतो. माझी धडधड कप निम्मे केल्यावर थांबली, आणि हे मला कुणीही आधी सांगितलं नव्हतं!

जेवल्यावर बसून राहू नकोस. लगेच ऊठ, दात घास. टूथपेस्टच्या चवीवर सिगरेट भिकार लागते. तलफ काही मिनिटांत उतरते, तेवढा वेळ काढायचा. आणि त्या मित्राबरोबर सध्या जेवू नकोस. तो वाईट नाही, पण त्याला सोबत हवीय. त्याच्या त्या 'एखादी'नंतर उद्याच्या जेवणाला डोकं दुसरी मागणार.

निवांत: दिवस मोजणारी अ‍ॅप्स सगळे सुचवतील. मला तर त्यांनीच सिगरेटची आठवण करून दिली. काढून टाकलं.

आडवाट: ताई, कप मोजले. सिगरेटच्या जागी चहाच वाढवून ठेवलाय मी! संध्याकाळचा आजपासून बंद. निकोटिनचा गम आणलाय, पण घसा जळतो.

निवांत: सारखा चावत असशील. चुरचुरलं की चावणं थांबव, गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेव. चुरचुर गेली की पुन्हा थोडा चाव. चहा-कॉफीनंतर पंधराएक मिनिटं थांब, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही.

आडवाट: बघतो. मित्राला मेसेज टाकलाय, अजून उत्तर नाही.

खोकलेबाई: रुसू दे. रात्री तलफ आली तर इथे लिही, मी जागीच असते.