मदत हवी आहे : मोफत सीरमच्या नावाखाली खात्यातून दरमहा पैसे कापले जात आहेत

वनमाला_दारव्हा
चेहऱ्याचे सीरम चौदा दिवस मोफत वापरून पाहा, केवळ ९९ रुपये पोहोचवण्याचा खर्च द्या, अशी जाहिरात पाहून मी एक बाटली मागवली होती. बाटली मिळाली, ९९ रुपये गेले, येथपर्यंत तक्रार नाही. मात्र त्यानंतर १,४९९ रुपये कापले गेले आणि या महिन्यात पुन्हा तेवढेच गेले. कंपनीच्या क्रमांकावर नुसते संगीत वाजत राहते आणि बँकेत "परवानगी तुम्हीच दिली आहे" असे सांगून परत पाठवतात. कापसाचा चुकारा याच खात्यात जमा व्हायचा आहे. कपात कशी थांबवावी आणि गेलेले पैसे कसे मिळवावेत, एवढेच कृपया सांगावे. जाहिरातीला भुलू नये हा उपदेश घरी पुरेसा झाला आहे.

निवृत्त_शाखाधिकारी
ताई, पैसे कार्डाने दिले होते की यूपीआयने? कंपनी देशातील आहे की बाहेरची? कपातीच्या संदेशात नेमके काय लिहिले आहे? हे कळल्याशिवाय उत्तर देणे म्हणजे अंदाज बांधणे होईल.

कास्तकार_दर्यापूर
एवढी चौकशी कशाला? सगळी रक्कम काढून घ्यावी, खाते बंद करावे आणि दुसऱ्या बँकेत नवे उघडावे. माझ्या साळ्याने हेच केले आणि तो सुटला.

तुरीची_शेंग
भाऊ, असा सल्ला देऊ नका. आधारशी जोडलेले खाते बंद केले, तर नवे खाते जोडले जाईपर्यंत लाडक्या बहिणीचे पैसे आणि पीएम किसानचा हप्ता दोन्ही अडकतील, आणि त्या दुरुस्तीसाठी सेवा केंद्राच्या किती चकरा माराव्या लागतात हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको.

वनमाला_दारव्हा
पैसे यूपीआयनेच दिले. आमच्या गावात कार्ड कोण वापरतो? कंपनी भारतातीलच आहे. तिचे ॲप मी काढून टाकले, तरीही दुसरी कपात झाली.

निवृत्त_शाखाधिकारी
ॲप काढल्याने काहीही थांबत नाही, कारण वसुलीची मंजुरी त्या ॲपमध्ये नसून यूपीआयच्या ऑटोपे व्यवस्थेत नोंदलेली असते. ९९ रुपये भरताना आपण जो पिन टाकला, त्याच पिनने बहुधा दरमहाच्या वसुलीलाही मंजुरी गेली. अशी मंजुरी एकदा मिळाली की १५,००० रुपयांपर्यंतची पुढची सर्वसाधारण कपात पुन्हा पिन न विचारता होऊ शकते. कपातीच्या किमान २४ तास आधी सूचना देण्याचे बंधन आहे, म्हणून जुने संदेश तपासा. आता ज्या यूपीआय ॲपमधून पैसे दिले ते उघडा, स्वतःच्या प्रोफाइलमध्ये ऑटोपे शोधा, कंपनीच्या नावापुढील मंजुरी पिन टाकून रद्द करा आणि रद्द झाल्याच्या पडद्याचे छायाचित्र जपून ठेवा. परतावा नंतर पाहू, आधी हे करा.

सायबरमित्र_वरुड
१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. ही सरळ फसवणूक आहे आणि तीन कामाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकाची जबाबदारी शून्य असते, असे रिझर्व्ह बँकेचे २०१७ चे परिपत्रकच आहे.

निवृत्त_शाखाधिकारी
ते परिपत्रक अनधिकृत व्यवहारांसाठी आहे. येथे पिन ताईंनी स्वतः टाकला आहे, त्यामुळे बँक नेमका तोच मुद्दा पुढे करील.

तुरीची_शेंग
काकाजी, आपला मुद्दा बँकेच्या खिडकीपुरता बरोबर आहे. परंतु मासिक वसुलीची अट बारीक अक्षरांत दडवून घेतलेली संमती ही खरी संमती कशी मानायची? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी संकेतस्थळे आणि ॲपमधील ग्राहकाला भुलवणाऱ्या फसव्या रचनांविरुद्ध (डार्क पॅटर्न) जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांतील तेरा प्रकारांमध्ये वर्गणीचा सापळा हा प्रकार स्पष्टपणे नोंदलेला आहे. म्हणून ताईंनी आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवावे. ई-वाणिज्य नियम २०२० नुसार त्याने ४८ तासांत पोच आणि महिनाभरात निर्णय द्यायचा असतो. सोबतच १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. तरीही दाद मिळाली नाही, तर २०१९ च्या कायद्यामुळे आपल्याच जिल्ह्यात, म्हणजे यवतमाळच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते आणि एवढ्या लहान रकमेसाठी शुल्कही लागत नाही.

हळद_बेसन
पैशांचे होईल ते होईल, पण त्या बाटलीवर उत्पादन परवाना क्रमांक आहे का, ते आधी पाहावे. गोरेपणाच्या काही क्रीममध्ये पारा सापडलेला आहे आणि तो मूत्रपिंडांना घातक असतो. मी तर हळद आणि बेसनापलीकडे काहीही लावत नाही.

वनमाला_दारव्हा
मी गोरेपणाची क्रीम मागवली नव्हती, आणि प्रश्नही तो नाही. ऑटोपेमध्ये कंपनीचे नाव सापडले. त्यापुढे "दरमहा, कमाल ५,००० रुपये" असे लिहिलेले होते, जे जाहिरातीत कोठेही नव्हते. ती मंजुरी रद्द केली. काकाजींचे आभार. आता कुरिअरवाल्याचा फोन आला आहे की दुसरी बाटली दारव्ह्याला आली आहे. ती घ्यावी की नाही?

कास्तकार_दर्यापूर
घ्या. पैसे तर गेलेच आहेत.

तुरीची_शेंग
मुळीच घेऊ नका. बाटली स्वीकारली की "ग्राहकाने माल घेतला" असे कंपनी म्हणणार. नकार देताना पार्सल परत गेल्याची नोंद कुरिअरवाल्याकडून मागून घ्या आणि तीच कंपनीला पाठवायच्या पत्राला जोडा. जाहिरात अजून दिसत असेल तर तिचेही छायाचित्र आजच काढा. या जाहिराती रात्रीतून बदलतात.

पैनगंगाकाठ
माझे अशाच एका क्रीमसाठी कार्डावरून डॉलरमध्ये पैसे जात आहेत आणि ओटीपीसुद्धा येत नाही. मलाही ऑटोपेमध्येच पाहावे लागेल का?

निवृत्त_शाखाधिकारी
नाही. परदेशी संकेतस्थळ ओटीपीशिवाय रक्कम ओढू शकते. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार आजच बंद करा, शाखेत लेखी हरकत द्या आणि संदेशातील मजकूर घेऊन वेगळा धागा काढा.