गावच्या दगडी वाड्याच्या भिंतीला पोट आलंय, सिमेंट मारू का?

धाकटी_पाती: पुरंदर तालुक्यात आमचा पणजोबांपासूनचा वाडा आहे, म्हणजे म्हणायला वाडा, एक चौक, सोपा, माजघर नि मागे गोठा. खाली काळा दगड मातीत रचलेला, वरचा मजला विटांचा, कडीपाट म्हणजे लाकडी छत अजून ठणठणीत. पण पश्चिमेच्या भिंतीला मधोमध पोट आलंय आणि आतून हात लावला की लोणा लागलेली, म्हणजे क्षारांची पांढरी पावडर गळते. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, खरवडून दोन्हीकडून सिमेंट प्लास्टर मारू. काका तयार आहेत. मी पुण्यात बसून कशाच्या जोरावर नको म्हणू?

चुन्याची_घाणी: नकोच म्हण. काळा दगड पाणी पीतच नाही फारसं, भिंतीतली ओल वाळते ती दर्जांतून, आणि त्याच तू सिमेंटने बुजवल्यास की ओल आत कोंडते, क्षार साचतात आणि दोनचार पावसाळ्यांत प्लास्टर फुगून पापुद्र्यासकट खाली. भिजलेल्या मातीत जोर राहत नाही, १९६१ ला पानशेत फुटल्यावर नदीकाठच्या पेठांतले वाडे कसे बसले ते जुन्या लोकांना विचार. दर्जा चुन्यानेच भर. पूर्वी त्यात गूळ, हिरड्याचं पाणी घालायचे, ते जमलं तर उत्तम.

तुळई_आणि_खण: चुना ठीक, पण पोट चुन्याने आत जाणार नाहीये! खाली दगड वर वीट ही आपल्याकडची जुनीच रीत, शनिवारवाड्याचा तट बघा. पण अशी जाड भिंत एकसंध नसते, आतबाहेर दगडाच्या दोन फळ्या आणि मध्ये माती-चिपांची भर. दोन्ही फळ्या धरून ठेवणारे लांब आरपार दगड कमी असले की भर भिजून खाली बसते आणि बाहेरची फळी ढकलली जाते. तेव्हा आधी तुळयांना आतून टेकू द्या, मगच तेवढा भाग उतरवून दगडांवर नंबर टाकून परत रचा. आणि टेकू न देता दर्जा खरवडायला निघालेल्या माणसाला जिन्याखालीसुद्धा उभं करू नका.

पेठेतला_पुणेकर: सगळं बरोबर, पण चुन्यात काम करणारा गवंडी आणणार कुठून? आणि भर पावसात चुना धरत नाही, दिवाळीनंतरच हात घाला. माझ्या मते आतून साधा मातीचा गिलावा पुरे. एक विचारतो, त्या भिंतीला पाणी येतंय कुठून?

धाकटी_पाती: काकांना फोन केला. शेजाऱ्यांनी गोठ्यावर पत्रा टाकलाय, त्याच्या पागोळ्या बरोब्बर आमच्या जोत्यावर. वर अंगणात कोबा केलाय, त्याचा उतार पण भिंतीकडेच 😑

तुळई_आणि_खण: मग आधी पत्र्याला पन्हळ लाव आणि भिंतीलगतचा कोबा हातभर फोड. टेकू याच आठवड्यात. बाकीचं एखाद्या जुन्या बांधकामातल्या इंजिनिअरला दाखवून ठरव, फोटोवरून कुणी सांगितलं तर ऐकू नकोस, माझं पण.