सॉफ्टवेअर अपडेट करताना पूर्ण पॅकेजऐवजी (म्हणजे प्रोग्रामच्या अख्ख्या फाइलऐवजी) फक्त बदललेला भाग का उतरवत नाहीत?

वरचा हा प्रश्न रास्त आहे. फेडोरा या लिनक्स प्रणालीत ही सोय डेल्टा आरपीएम नावाने बरीच वर्षं होती, 2024 च्या फेडोरा 40 मध्ये ती बंद केली. उतरवलेल्या बदलाच्या तुकड्यावरून पूर्ण पॅकेज पुन्हा जुळवताना प्रोसेसरवर ताण येई, आणि जुळणी फसली की अख्खं पॅकेज नव्याने उतरवावं लागे. तुकड्याचा डेटा वायाच! तरी मला वाईट वाटलं, मर्यादित डेटावाल्यांना तो आधार होता.

डेटा वाचवायचा दुसरा मार्ग आहे: डेबियन किंवा उबुंटू या लिनक्स प्रणालींची दोन-चार मशीन असतील तर एकावर एप्ट-कॅशर-एनजी (उतरवलेली पॅकेजं साठवून इतर मशीनना देणारा प्रोग्राम) बसवा आणि बाकीच्यांना त्या मशीनचा पत्ता द्या. प्रत्येक पॅकेज बाहेरून एकदाच येतं. विंडोजमध्ये डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन (मशीनांनी एकमेकांकडून अपडेट घ्यायची सोय) स्थानिक नेटवर्कपुरतं चालू ठेवा, साधारण तेच काम होतं.